थोरलीच्या दुसऱ्या गिअरची बखर

श्री. ज्याने चाकास गती दिली आणि चढापाठी उतार ठेविला, त्यास प्रथम वंदन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन वद्य तृतीयेस, प्रातःकाळी सात वाजता, घाटाच्या दुसऱ्या वळणावर थोरलीचा दुसरा गिअर पडेना, खर्रकन आवाज जाहला आणि गाडी हातभर मागे सरून हँडब्रेकवर उभी राहिली. वर्तमान इतकेच. याउपर जे पाहिले ते पाहिले म्हणून लिहिले आहे आणि जे तर्काने सांगितले गेले ते तर्क म्हणून लिहिले आहे.

राज्य घाटाच्या पायथ्याशी. नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. खाली एक घर आणि गोठा, वर खिंडीपलीकडे काजूची कलमे, इतकाच मुलूख. राज्यकर्त्या सरकारस्वारी प्रमिलाबाई, वय सत्तरीपार, ज्यांस लहानथोर आक्का म्हणत. थोरली म्हणजे त्यांची जुनी, उंच एसयूव्ही. वरच्या वाटेस दुसरे वाहन टिकत नसे, म्हणून थोरली चाले तोवर राज्य चाले. चिरंजीव हृषीकेशराव शहरी नोकरीस असत. ते दसऱ्यास आले होते ते अद्याप मुक्कामास होते आणि ते समयी घाटात आक्कांचे शेजारीच बसले होते. ते बोलिले, "आई, झालं हिचं. इंजिन टकटक करतंय, गिअर पडत नाही. भंगारवाल्याला सांगून टाकतो, आणि तू आमच्याकडे चल. गाडीच नाही तर कलमांकडे जाणार कशी?" आक्का बोलिल्या, "म्हणजे दोघींना एकदमच काढायचं ठरवलंयस." चिरंजीव म्हणाले, "मी असं म्हटलं का?" आक्का म्हणाल्या, "म्हणायचं काय राहिलं मग?" आणि इंजिन बंद करून त्यांनी पहिला गिअर टाकिला, तो सुखे पडला, आणि गिअरातच किल्ली फिरवून गाडी चालती केली, आणि वळण रुंद होते तेथे एका फेऱ्यात वळवून स्वारी माघारी आली. बंद इंजिनास गिअर पडतो आणि चालत्यास पडत नाही, ही गोष्ट आक्कांनी ध्यानी धरिली.

मग अंगणात उभयपक्षी तह जाहला, तो ऐसा: आजचा दिवस मावळण्याआधी थोरलीने दुसऱ्या वळणावर दुसरा गिअर घेऊन न थांबता खिंड गाठावी, गाठली तर थोरली राहील आणि आक्काही राहतील, न गाठली तर भंगारवाला गाडी नेईल आणि आक्का बॅग भरतील. चिरंजीवांनी भंगारवाल्यास संध्याकाळचे बोलावणे आधीच केले होते, हे तहानंतर समजले. आक्का इतकेच म्हणाल्या, "घाई शहराकडूनच येते."

मग तिठ्यावरील बशीर मिस्त्रींस पाचारण केले. मिस्त्रींनी बॉनेट उघडिले, कान दिला आणि निवाडा सांगितला, "आक्का, गिअरबॉक्स उतरवायला लागेल. आणि ही टकटक आहे ना, त्यासाठी इंजिनपण खोलू." आक्कांनी पुसिले, "खोलून काय बघणार?" "काय निघतं ते." "म्हणजे ठाऊक नाही." "खोलल्याशिवाय कोणाला ठाऊक असतं, आक्का?" आक्का बोलिल्या, "डॉक्टरसुद्धा पोट फाडायच्या आधी जीभ बघतो, बशीर. तू आधी जीभ बघ." मिस्त्री हसले आणि बाह्या सरसावून कामास लागले. प्रथम इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहिले, ते लोण्यात सुरी जावी तैसे पडले. मग इंजिन चालू करून पाहिले, तो दुसरा खरखरला आणि रिव्हर्स त्याहून अधिक खरखरला. मिस्त्री म्हणाले, "बॉक्सवरचा आरोप मागे घेतो. क्लच पुरता सुटत नाही." मग क्लचचे ऑइल पाहिले, ते भरलेले; नळी पाहिली, ती कोरडी, गळती नाही. मग मिस्त्री म्हणाले, "आक्का, क्लच पूर्ण दाबा." "दाबलाय." "आणखी." "आणखी दाबला तर पाय रस्त्यावर येईल." तेव्हां मिस्त्री दारातून आत वाकले आणि पेडलखाली हात घालून चाचपू लागले.

पेडलखाली काथ्याची पायपुसणी निघाली, एकावर एक, थरावर थर. याचे कारण ऐसे: राज्यात वहिवाट होती की आक्कांच्या नणंद सुमतीवन्सं, ज्या त्याच घरी असत आणि काथ्या विणीत, त्यांनी दर दसऱ्यास नवे पायपुसणे विणावे आणि गाडीची पूजा जाहल्यावर ते चालकाचे पायाखाली घालावे, आणि जुन्यावर हळदकुंकू पडलेले, म्हणून ते काढू नये, नवे त्यावरच घालावे. पावसाळ्यात ओल धरून सगळी फुगत. यंदाचे सर्वांत जाड होते आणि ते चिरंजीवांनी स्वहस्ते घातले होते. मिस्त्री म्हणाले, "पेडल तळाला टेकतच नाही. यांच्यावर टेकतं." वन्सं पडवीतून उतरल्या आणि बोलिल्या, "पूजेची आहेत ती. काढायची नाहीत." आक्का म्हणाल्या, "मला दोन वर्षं वाटतंय, वयानं माझा पाय आखडला. सीट पुढे घेऊन घेऊन छाती स्टिअरिंगला लागायला आली. आणि तुम्ही मला पायपुसण्यांवर म्हातारी केलीत." वन्सं बोलिल्या, "मग मागच्या सीटपुढे घाला. मागे बसणाऱ्यांना काय पाय नसतात?" हा तोडगा सर्वांस मानवला आणि पायपुसणी मानाने मागे गेली. मग चालत्या इंजिनास गिअर टाकिले, ते सर्व निमूट पडले. चिरंजीव म्हणाले, "बरं. आणि टकटक?"

हा प्रश्न खरा होता आणि तो टाळिला नाही. मिस्त्रींनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनास लावून मूठ कानास लाविली आणि जागोजाग ऐकिले. खाली आवाज मंद, वर मोठा. मग पुढील पट्टा काढून इंजिन क्षणभर चालविले, टकटक तैशीच, म्हणून पट्ट्याच्या पुल्या निर्दोष ठरल्या. इंजिन ऑइल पाहिले ते डांबरासारखे काळे. ते बदलिले, तो आवाज निम्म्यावर आला, परंतु गेला नाही. मिस्त्री बोलिले, "वरचा टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारा भाग, सैल असावा." चिरंजीवांनी पुसिले, "असावा की आहे?" मिस्त्री म्हणाले, "असावा." तोच शब्द येथे लिहिला आहे. चिरंजीव म्हणाले, "आई, अर्ध्या वाटेत इंजिन बसलं तर?" आक्का म्हणाल्या, "तर अर्धी वाट चालेन. तुझ्याकडे यायला काय कमी चालावं लागेल?"

मग पट्टा परत चढवून ऊन कलताना स्वारी निघाली. चालविण्यास स्वतः आक्का, शेजारी चिरंजीव, मागे मिस्त्री आणि वन्सं, वन्संचे पाय सर्व पायपुसण्यांवर आणि गुडघे हनुवटीशी. पहिले वळण गेले. आक्कांनी निघतानाच सीट आपल्या हाताने मागे सारिली होती; दुसऱ्या वळणावर त्यांनी पाय लांब करून क्लच तळास टेकविला आणि दुसरा गिअर टाकिला. तो पडला. वन्संनी पायाखालचे सर्वांत वरचे पायपुसणे हाताने नीट केले. मग थोरली न थांबता खिंडीत पोहोचली आणि टकटकही तिजबरोबर पोहोचली. तेथे चिरंजीवांचा फोन वाजला. भंगारवाला होता, आवाज मोठा म्हणून सर्वांस ऐकू गेला, "साहेब, निघू का?" चिरंजीवांनी इंजिनाकडे कान दिला आणि म्हणाले, "थोड्या वेळानं सांगतो." आक्का बोलिल्या, "आत्ता सांग." चिरंजीवांनी फोन कानापासून दूर धरिला, पण बंद केला नाही.

एवंच, दुसरा गिअर पडतो. तहाची कलमे पुरी जाहली. टकटक चालू आहे आणि तिचे कारण सिद्ध जाहले नाही. भंगारवाल्यास उत्तर गेलेले नाही. आक्कांनी इंजिन बंद केलेले नाही, आणि गाडीचे तोंड कलमांकडे आहे.