सातव्या भागातली बादली

निरीक्षकांनी स्टॉपवॉच दाबलं, तेव्हा घरात कोणी मोठ्याने श्वाससुद्धा घेत नव्हतं. टीव्हीवर 'बसा, हसा' या जुन्या कार्यक्रमाचा सातवा भाग सुरू होत होता. सोफ्यावर लेक आणि जावई दाटीवाटीने बसले होते. निरीक्षक स्वतः समोरच्या खुर्चीत होते. खुर्ची टीव्हीपासून बरोबर सहा फुटांवर होती, कारण ते अंतर त्यांनी टेपने मोजलं होतं.

वजनमापे खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस. ते बाजारात शिरले की तराजू आपोआप सरळ होत. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी बिस्किटांचा पुडा घरी आला की आधी काट्यावर जाई आणि मग बशीत. बायको म्हणायची, "लग्नाच्या आधी मलासुद्धा तोलून घेतलं असणार यांनी." आणि हसायची. दार लावलेलं असलं तर जोरात हसायची. ते हसणं म्हणजे जिन्यावरून रिकामी बादली गडगडत यावी तसं होतं. आधी एक ठण्ण, मग दर पायरीला एकेक आवाज, आणि खाली पोचल्यावरही थोडा वेळ नुसती कडी वाजत राहायची.

बायको जाऊन आठ महिने झाले होते. फोटो पुष्कळ होते, आवाज मात्र कुठेच नव्हता. लेकीच्या लग्नाच्या व्हिडिओवर व्हिडिओवाल्याने अथपासून इतिपर्यंत बासरी लावली होती. माणसं तोंडं हलवत आणि बासरी वाजे. मोबाइलवरच्या व्हिडिओत ती कधीच नसे, कारण मोबाइल तिच्याच हातात असे आणि शूटिंग करताना ती श्वास रोखून धरी. दोन महिन्यांपूर्वी निरीक्षकांच्या लक्षात आलं, की तिचं रागावणं आपल्याला अजून शब्दन् शब्द ऐकू येतं, पण हसणं येत नाही. बादली आठवते, आवाज आठवत नाही. ते फार घाबरले. पण घाबरलो असं सांगायची सवय नसल्यामुळे त्यांनी लेकीला फक्त एवढंच विचारलं, "तो 'बसा, हसा' कुठे मिळतो का गं?"

कारण चाळीस वर्षांपूर्वी, लग्नाला दोनच महिने झालेले असताना, दोघं त्या कार्यक्रमाच्या चित्रीकरणाला गेली होती. रंगमंचावर एका हातावर सात थाळ्या आणि नाकाच्या शेंड्यावर शिंक घेऊन वेटर आला, आणि थाळ्या पडायच्या आधीच प्रेक्षकांतून बादली गडगडली. कार्यक्रम टीव्हीवर लागला, तेव्हा शेजारच्या आजीने भिंतीवर ठोकून विचारलं होतं, "ती तूच ना गं?" ही गोष्ट निरीक्षक गेली चाळीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. पास त्यांनीच मिळवले होते, हेही न विसरता.

कार्यक्रमाचा संच मिळाला. खोक्यावर लिहिलं होतं, 'संपूर्ण तेरा भाग, मूळ स्वरूपात'. तो आला तेव्हा घरात डिस्क चालवायला यंत्र नव्हतं. दुरुस्तीवाल्याकडून जावयाने यंत्र आणलं, तर त्याला रिमोट नव्हता. रिमोट आला, तेव्हा कळलं की खोक्यात तिसरी डिस्क दोनदा आहे आणि दुसरी नाहीच. सातवा भाग अर्थातच दुसऱ्या डिस्कवर होता. ती बदलून यायला आणखी तीन आठवडे गेले.

आता वेटर आला. थाळ्या डुगडुगल्या. नाक थरथरलं.

"आता," निरीक्षक म्हणाले.

"हा हा हा हा हिक्," टीव्ही म्हणाला.

थाळ्या पडल्या. "हा हा हा हा हिक्."

"ही आई नाही," लेक म्हणाली.

"हा पुरुष आहे," जावई म्हणाला. दिसेल ते सांगून टाकायची त्याला खोड होती.

निरीक्षकांनी भाग शेवटपर्यंत पाहिला. जादूगाराची कबुतरं उडाली, तेव्हा तेच हसणं आलं. निवेदक नुसता खोकला, तेव्हाही तेच. गायिका हात जोडून म्हणाली, "हे गीत मी माझ्या दिवंगत गुरूंना अर्पण करते," आणि लगेच, "हा हा हा हा हिक्." लेकीला हसू फुटलं. तिने सवयीप्रमाणे तोंडावर हात ठेवला. निरीक्षकांनी वहीत नोंद केली, की एकच हसणं एकशे बारा वेळा वापरलं आहे, प्रत्येकी चार सेकंद, आणि भाग खोक्यावर छापल्यापेक्षा सात मिनिटांनी कमी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला त्यांनी कंपनीला फोन लावला. तक्रार विभागातली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "बोला सर, काय प्रॉब्लेम आहे? चित्र येत नाही का?"

"चित्र येतं."

"आवाज?"

"येतो."

"मग सर?"

"हसणं बनावट आहे."

पलीकडे कीबोर्डचा खडखडाट ऐकू आला. मग ती म्हणाली, "सर, विनोद आवडला नाही तर तो बदलून द्यायची सोय नाहीये."

"विनोद राहू दे तुमच्यापाशी. प्रेक्षक बदललेत तुम्ही. मी हजर होतो तिथे. मला मूळ प्रेक्षक पाहिजेत."

"चाळीस वर्षांपूर्वीचे, सर?"

"त्यातली एक आता नाही. म्हणूनच पाहिजेत."

मुलगी वाईट नव्हती. पण तिच्यासमोरच्या यादीत तक्रारीचे नऊच प्रकार होते आणि त्यात मेलेल्या बायकोचं हसणं बसत नव्हतं. तिने त्यातल्या त्यात जवळचा प्रकार निवडला, 'हास्य अपुरे', आणि तक्रार पुढे पाठवली.

कंपनीने तक्रारीची दखल घेतली, हेच वाईट झालं. दहा दिवसांनी सोनेरी खोक्यातून 'सुवर्ण आवृत्ती' भेट म्हणून आली. 'आता दुप्पट हास्य,' असं वर लिहिलेलं. या आवृत्तीत वेटर दारातून आत यायच्या आधीच प्रेक्षक हसत होते, आणि दिवंगत गुरूंच्या वेळी तर टाळ्याही पडत होत्या.

"बाबा, सोडून द्या ना आता," लेक म्हणाली. "आगीतून फुफाट्यात चाललोय आपण."

"छत्तीस वर्षांत एक ग्रॅम सोडला नाही मी," निरीक्षक म्हणाले, "आणि हिचं हसणं सोडू?" एवढं बोलून ते एकदम उठले आणि चष्मा पुसायला आत गेले. चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

सोमवारी ते दोन्ही खोकी पिशवीत घालून कंपनीच्या कार्यालयात हजर झाले. साहेब तरतरीत होता. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि अभिमानाने सांगितलं, "काका, काय अवस्था होती त्या टेपांची! खोकले, खुर्च्यांची करकर, कुठे पोर रडतंय. सगळं धुऊन काढलं आम्ही. लोकांना स्वच्छ हसणं लागतं."

"खोक्यावर 'मूळ स्वरूपात' छापलंय."

"मूळच आहे. फक्त साफ केलेलं."

"दुधात पाणी घालणारासुद्धा मला हेच सांगायचा. मूळच आहे साहेब, फक्त पातळ केलेलं."

साहेबाचा चेहरा उतरला. ही ब्याद टळावी म्हणून त्याने बोट दाखवलं, "सगळ्यात मागची खोली. साफसफाई आमच्या ध्वनिवाल्या बाई करतात. त्यांनाच विचारा."

मागच्या खोलीला खिडकी नव्हती. पन्नाशीच्या बाई गळ्यात हेडफोन अडकवून पडद्यावरच्या आवाजाच्या रेघा पाहत बसल्या होत्या. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचं हसणं पुसून काढल्यामुळे की काय, त्यांच्या चेहऱ्यावर हसण्याची एकही सुरकुती नव्हती.

"कुठला भाग?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"सातवा. वेटरचा."

बाईंनी चष्मा काढला. "बादली?"

निरीक्षकांना पिशवी खाली ठेवावी लागली. "काय म्हणालात?"

"फाइलला मी नाव दिलंय तसं. साडेतीन दिवस जीव खाल्ला हो त्या बाईने माझा. स्टेजवरच्या माइकमध्येसुद्धा शिरली होती. वेटर तोंड उघडतोय आणि हसतेय ही! असं नरडं मी आयुष्यात ऐकलं नाही."

खरं तर निरीक्षकांना राग यायला हवा होता. पण त्यांची मान ताठ झाली. "माझी बायको," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "आठ महिने झाले जाऊन."

बाईंनी दुसरी खुर्ची ओढली आणि फडक्याने झटकली. "बसा. काढलेलं मी काहीच टाकत नाही. साहेब उद्या काय परत मागतील, नेम नसतो." त्यांनी हेडफोन निरीक्षकांच्या कानांवर नीट बसवला, आपल्यासाठी दुसरा घेतला, आणि बटण दाबलं.

ठण्ण.

निरीक्षकांनी डोळे मिटले. तीच. दुसरी पायरी, तिसरी, चौथी. वेटर नव्हता, थाळ्या नव्हत्या, जगातलं दुसरं काहीच नव्हतं, नुसती ती खाली गडगडत येत होती. त्यांच्या अंगठ्याखाली स्टॉपवॉच चालू होतं आणि गालावरून पाणी वाहत होतं, आणि दोन्हींकडे त्यांचं लक्ष नव्हतं. आता शेवटची पायरी येणार, मग कडी वाजणार, म्हणून ते पुढे झुकले.

"अगं, हळू!" कानात एक पुरुषी आवाज दबक्या रागाने म्हणाला. "लोक बघतायत."

हसणं मध्येच तुटलं आणि सवयीने स्टॉपवॉचवरचा अंगठा दाबला गेला. कडी वाजलीच नाही.

निरीक्षकांनी डोळे उघडले. "पुढे?"

"पुढे काही नाही."

"असं कसं? कार्यक्रम अजून अर्ध्याच्या वर राहिला होता."

"तेवढ्यात त्या एकदाही हसल्या नाहीत. मला बरंच झालं म्हणा, काम वाचलं." बाई रेघांकडे बघत बोलत होत्या. "टीव्हीवर हे थाळ्यांच्या आवाजाखाली दबून गेलं असणार. पण काय एकेक माणसं असतात बघा. हसायच्या कार्यक्रमाला न्यायचं आणि वर..." त्या थांबल्या. त्यांनी शेजारच्या माणसाकडे पाहिलं आणि लगेच पुन्हा पडद्याकडे पाहू लागल्या.

निरीक्षकांना आता सगळी संध्याकाळ आठवली. ती उरलेला वेळ तोंडाला रुमाल लावून बसली होती. त्यांना वाटलं होतं, हिला सर्दी झालीय. घरी जाताना त्यांनी तिला गोळी घेऊन दिली होती, आणि तिने ती मुकाट्याने घेतली होती.

"तो माणूस," ते म्हणाले, "काढता येईल का?"

बाईंनी रेघा मोठ्या करून पाहिल्या, मागे-पुढे केल्या. या कामात त्यांनी मनापासून दहा मिनिटं घालवली. "नाही हो. शेवटचे तीन सेकंद दोघं एकमेकांवर चढलेत. त्याला काढलं तर तेवढ्या त्याही जातील."

निरीक्षकांनी स्टॉपवॉच पाहिलं. अकरा सेकंद. त्यातून तीन गेले तर आठ. आयुष्यभर त्यांनी कमी माप घेतलं नव्हतं.

"राहू दे," ते म्हणाले. "पूर्ण द्या."

घरी आल्यावर त्यांनी लेकीला बसवलं आणि स्वतः उभे राहिले. बादली गडगडली तशी लेक एकाच वेळी रडायला आणि हसायला लागली. मग तो आवाज आला, आणि ती गप्प झाली. जावयाने तोंड उघडलं होतं, पण आयुष्यात पहिल्यांदाच त्याने दिसलं ते सांगितलं नाही.

"तुम्ही?" लेकीने विचारलं.

"हो."

लेकीचा हात अजून तोंडावरच होता. निरीक्षक त्या हाताकडे बघत राहिले. "हा हात," ते म्हणाले, "हा तू कधीपासून ठेवतेस गं?"

"कोण जाणे. लहानपणापासून." तिने हात खाली घेतला. "तुम्हीच म्हणायचात ना बाबा, लोक बघतायत."

दुपारी निरीक्षक टेबलाशी बसले. बनावट हसणं, सात मिनिटांची तूट आणि सुवर्ण आवृत्ती अशा त्यांच्या तीन तक्रारी कंपनीकडे पडून होत्या, आणि कामं अर्धवट सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी कोरा कागद घेतला, समास सोडला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'माझ्या तिन्ही तक्रारी मागे घेत आहे. तपासणीअंती असे आढळले, की माल मूळ ठिकाणीच कमी भरला गेला होता. यात कंपनीचा दोष नाही. भरणाऱ्याविरुद्ध कारवाई करण्याची मुदत संपली आहे.'

खाली त्यांनी सही केली. सहीखाली छत्तीस वर्षांच्या सवयीने 'निरीक्षक' असं लिहिलं गेलं, ते त्यांनी खोडलं.