बादलीभर विसण

"बघच तू! आज फराळाच्या आत बाबा मला 'अरे दिग्विजय' म्हणाले नाहीत, तर मी नावाचा दिग्विजय नाही!"

पहिल्या दिवाळसणाला कोथरूडला आलेल्या जावयानं बायकोला, श्रद्धाला, असं ठणकावून सांगितलं. त्याचे सासरे बद्रीनाथ त्याच्याशी भलत्याच अदबीनं बोलायचे. "आपण बसावं." "आपण चहा घेता ना?" बँकेतला कॅशियरसुद्धा यापेक्षा जवळचा वाटतो हो! बिचाऱ्याला घरातला व्हायचं होतं, आणि सासरे त्याला पाहुण्याच्या खुर्चीतून उठू देत नव्हते.

संधी लगेच चालून आली. बाथरूममधला गार पाण्याचा नळ ऐन सणाला रुसला आणि आतून सासऱ्यांची हाक आली, "वरद, विसण आण रे! पाणी भाजतंय!"

मेहुणा वरद घोरत होता. दिग्विजय धावला.

आता विसण म्हणजे कढत पाण्यात घालायचं गार पाणी. ते पडलं की कढत जरा नमतं घेतं, गार जरा तापतं आणि मध्ये कुठेतरी दोघांचं जमतं. पण नागपुरात गिझरखाली वाढलेल्या दिग्विजयनं हा शब्द कधी ऐकलाच नव्हता. त्याला ऐकू आलं, बेसन!

'उटण्याबरोबर लावत असतील पुण्यात,' असं म्हणत त्यानं वाटीभर बेसन नेलं, दार किलकिलं केलं आणि सभ्यपणे मान वळवून बादलीत ओतलं.

तोंडाला साबण लावून डोळे मिटलेल्या सासऱ्यांनी पाण्यात बोट बुडवलं. "आई गं! वाटीभरानं काय होतंय? भरपूर ओत की!"

ओत! 'ओतावं' नाही, 'ओत'! दिग्विजयच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं स्वयंपाकघरातून डबाच उचलला.

"अहो जावईबापू, शेवेचं बेसन घेऊन कुठे निघालात?" सासूबाई ओरडल्या.

"बाबांनीच मागितलंय!"

अख्खा डबा बादलीत गेला. या धावपळीत पाणी आपसूक निवलं होतं. सासऱ्यांनी खुशीत तांब्या डोक्यावर उपडा केला. आणि डरकाळी!

"अरे गाढवा! अरे बैला! हे पिठलं कुणी कालवलं?"

दिग्विजयला गहिवरून आलं. "ऐकलंस श्रद्धा? गाढवा म्हणाले! घरातला झालो गं मी!"

दार उघडलं. कमरेला पंचा आणि मिशांतून बेसन ठिबकतंय, अशा थाटात सासरे बाहेर आले. त्यांनी बोटांनी डोळे निपटले, समोर पाहिलं आणि एकदम ताठ झाले.

"आपण होय? क्षमा असावी, मला वाटलं वरद."

मग आणखी अदबीनं म्हणाले, "आपल्याकडे फोडणी आंघोळीच्या आधी देतात, की नंतर?"