काका, माइक पुढे द्या

लेक पहिल्यांदाच टीव्हीवर दोन बड्या पुढाऱ्यांचा वादविवाद चालवणार होती. अण्णांना स्टुडिओत पहिल्या रांगेत जागा मिळाली होती, पण एका अटीवर. तोंड उघडायचं नाही. अट त्यांच्या बायकोनं, माईंनी घातली होती. छापखाना विकून घरी बसल्यापासून अण्णांनी घरात कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं.

नियम सोपे होते. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. समोर लाल दिवा लागला की थांबायचं, नाहीतर माइक बंद. मंत्रीमहोदय लाल दिव्याकडे बघून गोड हसले आणि बोलतच राहिले. माइक बंद झाला, तसा त्यांनी आवाज चढवला.

"आता माझी पाळी आहे," विरोधी पक्षनेत्या बाई म्हणाल्या आणि त्यांनीही सुरुवात केली.

"मला वाक्य तरी पुरं करू द्या," मंत्री म्हणाले.

"एक मिनिट, माझा प्रश्न..." लेक म्हणत होती, पण ऐकतो कोण. बाईंचा आवाज घुमतोय आणि आपला नाही, हे बघून मंत्र्यांनी टेबलावर हात आपटला. पाण्याचा ग्लास कलंडला, पाणी तारांत शिरलं आणि दोघांचेही माइक मुके झाले. लेकीचा, कोटाला अडकवलेला, तेवढा वाचला.

"प्रेक्षकांचा माइक पुढे पाठवा," ती शांतपणे म्हणाली. "दोघं आळीपाळीनं वापरतील."

माइक मागच्या रांगांतून हातोहात येत अण्णांच्या हातात पडला. शेजारी बसलेल्या माईंनी डोळे मिटून घेतले.

"मंत्रीसाहेब," अण्णा उठून म्हणाले, "ती पोर मघापासून काहीतरी विचारतेय. बोलू द्याल की नाही तिला? आणि बाई, तुम्हीही काही कमी नाही. माणसानं दुसऱ्याचं ऐकून घ्यावं. आता आमच्या छापखान्यात काय व्हायचं..."

दोन्ही पुढारी थक्क होऊन ऐकत राहिले. अण्णा शाईच्या भावापर्यंत पोचले, तेव्हा समोरचा लाल दिवा लागला.

"काका, तुमचा मुद्दा कळला," लेक म्हणाली. "माइक पुढे द्या."

"काका? अगं, मी..."

"वेळ सगळ्यांना सारखाच. बसा."

अण्णा बसले. कसे बसले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. माइक मंत्र्यांकडे गेला. पुन्हा दिवा लागला, तेव्हा मंत्र्यांनी एकदा अण्णांकडे पाहिलं, 'जनतेच्या' या शब्दावरच वाक्य सोडलं आणि माइक मुकाट्यानं बाईंच्या हातात दिला. शेवटपर्यंत दोघंही शहाण्या मुलांसारखे बोलले.

कार्यक्रम संपल्यावर लेक धावतच बाहेर आली. "अण्णा, रागावलात का हो? सगळ्यांसमोर तुम्हाला..."

"सख्ख्या बापाला सोडलं नाहीस," अण्णा म्हणाले. "मग त्या दोघांची काय बिशाद."

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात शेजारी भेटले. "काल कार्यक्रम फार छान झाला हो. पण तो माइक न सोडणारा आगाऊ म्हातारा कोण होता? चेहरा नीट दिसला नाही."

माईंनी अण्णांचा सदरा मागून ओढला. अण्णांनी तो सोडवून घेतला आणि छाती पुढे काढली.

"मीच तो," ते म्हणाले. "आणि मला खाली बसवलं ना, ती माझी मुलगी."