मधल्या काकांचा डेसिमीटर

"भैया, तीन हेक्टोमीटर आगे रोक देना," असं मधले काका ऑटोवाल्याला सांगतात, तेव्हा मी दुपट्टा नीट करत बाहेर बघते.

"अंकल, ये कौन सी कॉलोनी है?"

"कॉलोनी नहीं, तीन सौ मीटर!"

"तो ऐसा बोलिए ना."

पण काका तसं बोलत नाहीत. शहपुऱ्याच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. किलोमीटर आणि मीटर यांच्यामध्ये हेक्टोमीटर, डेकामीटर असतात, मीटरच्या खाली डेसिमीटर असतो, हे आपण परीक्षेपुरतं पाठ करतो आणि सोडून देतो. काकांना ते सहन होत नाही. "काहून विसरता? काय बिघडवलं त्यांनी तुमचं?"

घराजवळच्या गोरखपूर बाजारात ते पडद्यासाठी पंचवीस डेसिमीटर कापड मागतात. दुकानदार माझ्याकडे बघतो. मी हळूच "ढाई मीटर" म्हणते आणि बाहेर आल्यावर बोलणी खाते. "तू माझी दुभाषी बनून राहिली का?"

आईलाही सोडत नाहीत. "सुनंदा, पोळी दोन डेसिमीटरच्या वर जाऊन राहिली."

"मग एक कमी खा, भाऊजी."

काकांनी लग्न केलं नाही. ते आमच्याकडेच राहतात. यंदा बाबा रिटायर झाले. माझ्या भावाने पुण्यात फ्लॅट घेतला, तेव्हा सगळ्यांनी तिकडेच जायचं ठरलं. परवा त्यावर बैठक झाली. मोठे काका नागपूरहून फोनच्या स्पीकरवर, बाबा समोर, मधले काका कोपऱ्यातल्या खुर्चीत. कपाट न्यायचं का, फ्रिज कुणाला द्यायचा, सगळं बोलून झालं. मग फोनमधून आवाज आला, "आणि मधल्याचं कसं करायचं रे?"

"बघू, दादा," बाबा म्हणाले. "सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने आमच्या हॉलमध्ये."

मधले काका म्हणाले, "माझी कॉट एकोणीस डेसिमीटरची आहे. कुठं बसते तेवढं सांगा फक्त."

"किती?" फोनने विचारलं.

घरच्या बैठकीत मी कधी तोंड उघडत नाही. "पुण्यात मला जी खोली देणार आहेत, ती तीस डेसिमीटर लांब आहे," मी म्हणाले. "ती तुम्ही घ्या, काका. मी आईजवळ झोपेन. कॉट लावून अकरा उरतात."

काकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"अकरात तुझं टेबल बसते," ते म्हणाले. "ते राहू दे माझ्या खोलीत."