चितळांची तहान आणि तीन लायब्रऱ्या

एका जंगलात, मुलांनो, उन्हाळ्यात एकच पाणवठा उरला आणि तिथे रोज मारामाऱ्या होऊ लागल्या. सिंहमहाराजांनी पाणवठ्याला कुंपण घातलं, दार बसवलं आणि दार चालवायला एक प्रोग्राम लिहून घेतला. समोर कोण आलंय हे दार ओळखायचं आणि ज्याच्या त्याच्या वेळेला उघडायचं.

प्रोग्राम लिहिला मंजुळा साळिंदरनं. कामात हुशार, बोलण्यात काटेरी.

"महाराज, एक राहिलंय," ती म्हणाली. "दारानं कधी काय केलं, ते त्यानंच लिहून ठेवायला हवं. त्याला लॉग म्हणतात. तयार लायब्रऱ्या मिळतात. तीन बऱ्या आहेत. एक निवडते नि जोडते. दुपारपर्यंत होईल."

(ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे हं. दुसऱ्यानं लिहिलेला, आपण फुकट वापरायचा आणि वर नावं ठेवायची, असा तो प्रोग्राम असतो.)

"निवडते?" महाराज दचकले. "एकटीच?"

लगेच समिती नेमली.

ससा म्हणाला, "सगळ्यात वेगवान घ्या."

कासव म्हणालं, "सगळ्यात जुनी घ्या. तिच्यातल्या चुकासुद्धा माझ्या ओळखीच्या आहेत."

मोरानं विचारलं, "रंगीत अक्षरं कुठलीत येतात?"

अध्यक्ष गवासाहेब प्रत्येकाला "मुद्दा बरोबर आहे" म्हणाले आणि त्यांनी पुढची तारीख दिली. अशा सात तारखा झाल्या.

"तोवर दाराला एक साधी ओळ छापायला लावू का?" मंजुळानं विचारलं.

"छे! शिस्त म्हणून काही आहे की नाही?" गवासाहेब म्हणाले.

मग एका सकाळी चितळांचा कळप पाण्यावर आला. म्होरक्या हरबा पुढे. त्याच्याआधी कुणी आत शिरायचं नाही, ही कळपाची रीत. दार उघडेना. दुसऱ्या दिवशीही उघडेना. तिसऱ्या दिवशी पाडसांनी कुंपणाशी बसकण मारली, ती उठेचनात.

हरबा समितीपुढे गेला. "साहेब, पोरं जायला टेकलीत. दार का उघडत नाही, तेवढं सांगा."

"ते लॉगमध्ये दिसलं असतं," गवासाहेब म्हणाले.

"मग बघा की लॉग!"

"लॉग नाही. त्याचीच तर बैठक चाललीय. जरा मागे उभे राहा."

मंजुळा बैठकीतून उठली. कुणाला न विचारता पाणवठ्यावर गेली आणि प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. हरबाला दारासमोर उभं केलं. दारानं छापलं:

"समोर: अनोळखी प्राणी. शिंगं: नाहीत. दार: बंद."

हरबा ओशाळला. "दरवर्षी गळतात हो," तो हळूच म्हणाला. "पुन्हा येतात."

"माझीच चूक," मंजुळा म्हणाली. काटे पाडून बोललेलं तिचं तेवढं एकच वाक्य. तिनं तिथल्या तिथे दुरुस्ती केली. दार उघडलं. आयांनी ढुशा देऊन पाडसांना उठवलं, आणि ती पोटापर्यंत पाण्यात शिरली.

समितीत खळबळ उडाली.

"साध्या काळ्या अक्षरांत छापलं?" मोरानं विचारलं. त्यानं पिसारा मिटून घेतला.

मंजुळाला कारणे दाखवा नोटीस निघाली. ती ओळ काढून टाकण्यात आली. समितीला मुदतवाढ मिळाली आणि तिनं एकमतानं ठरवलं, की तिन्ही लायब्रऱ्या या जंगलाच्या लायकीच्या नाहीत. चौथी नवी लिहावी. ती मंजुळानंच लिहावी, नोटिशीचं उत्तर दिल्यावर.

तात्पर्य: तहानलेल्याला समितीत कधीही घेऊ नये. तो निर्णय घेऊन मोकळा होतो.