नागवेकरांची काडी

नागवेकर रोज सकाळी गवत विंचरत. अंगणाच्या कडेला वाऱ्याकडे पाठ करून उकिडवे बसत, गवताची मूठ डाव्या हातात धरत आणि उजव्या हातातला जाड दातांचा लाकडी कंगवा तिच्यातून वरून खाली फिरवत. धूळ, काटे, कुसळं सगळं गळून पडे. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर कंगव्याला काम राहिलं नव्हतं, त्यामुळे हा कंगवा खास गवताचाच आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. मी रत्नागिरीत एका हायस्कुलात चित्रकला शिकवत होतो आणि पित्रेकाकूंच्या घराच्या एका अंगाला भाड्याने राहत होतो. दुसऱ्या अंगाला नागवेकर नवराबायको, आणि काकू स्वतः माडीवर. मधली भिंत अशी, की पलीकडे मिरचीची फोडणी पडली की अलीकडे मी शिंकायचो.

गवत लागायचं ते गिनीपिगांना. नागवेकरांनी मुंबईत एका औषधांच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं जनावरं सांभाळली होती. रिटायर होताना साहेबांनी विचारलं, काय देऊ? माणूस घड्याळ मागतो, निदान छत्री मागतो. यांनी दोन गिनीपिग मागितले आणि वेताच्या टोपलीत घालून एस.टी.ने रत्नागिरीला आणले.

"दोनी माद्या हायत," ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले. "एक जरी नर आणला असता, तरी आज तुमाला ऱ्हायाला जागा मिळाली नसती, मास्तर."

प्रयोगशाळेत जनावरांना नावं नसत, नंबर असत. तीच सवय इथेही. एक होती अकरा नंबर आणि दुसरी चौदा नंबर. "चौदा नंबर आज रुसलीय," असं ते गंभीरपणे सांगत, आणि मी तितक्याच गंभीरपणे "का बुवा?" असं विचारत असे.

दोघींचं बिऱ्हाड हापूसच्या दोन पेट्या जोडून केलेलं. आत एका बाजूला जुनं तारेचं ताटाळं खिळ्यांनी ठोकलेलं आणि त्यात विंचरलेलं गवत खोचलेलं. दोघींनी मान वर करून एकेक काडी ओढायची आणि चघळत बसायचं. खाली पसरलेल्या गवतावर त्या बसतात, घाण करतात, मग तेच गवत खात नाहीत, असं नागवेकरांचं शास्त्र होतं. "टांगलेला गवत म्हंजे जेवान, पडलेला गवत म्हंजे कचरा," हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की वर्गात पोरांनी पेन्सिलीची सालं जमिनीवर टाकली की माझ्या तोंडून तेच निघू लागलं.

गवतही कुठलं तरी चालत नसे. भाताचा पेंढा त्यांना मंजूर नव्हता. "तो गुरांचा. हिंचे दात नाजूक." पावसाळा सरला की ते स्वतः कातळावर जात, गवत कापणाऱ्या बायकांशी हुज्जत घालत आणि डोक्यावर भारा घेऊन येत. मग त्याच्या वीतवीत लांबीच्या जुड्या बांधायच्या. सकाळी तीन, संध्याकाळी दोन. गवताच्या कामाचा शर्टदेखील वेगळा, तो बाहेर खुंटीला. घरात शिरण्याआधी उंबऱ्याबाहेर उभं राहून अंग झटकायचं, मग ओलं फडकं फिरवायचं. कोरड्या फडक्याने काडी पळते, ओल्याला चिकटते. हे सगळं झाल्यावर ते डोकं जमिनीला टेकवून पेटीखाली बघत. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटे, म्हातारा नमस्कार घालतोय.

इतकं करूनही एकदा घात झाला. मे महिना होता आणि पित्रेकाकूंनी अंगणात ताटांत आंब्याच्या रसाची साठं वाळत घातली होती. दुपारी खारा वारा सुटला आणि अंगणातल्या पेटीतली एक काडी उडून नेमकी ओल्या साठात जाऊन रुतली. काकूंनी ते ताट उचललं आणि माझ्या, नागवेकरांच्या आणि शेजारच्या आणखी तीन घरांच्या दारात फिरवून आणलं.

"बघा! त्या बिनशेपटीच्या उंदरांचं खाणं माझ्या साठात! हे आता मी मुंबईला लेकीला पाठवू?"

नागवेकरांनी ते साठ सबंध विकत घेतलं, काडी चिमट्याने काढली आणि तीन दिवसांत एकट्याने साठ संपवलं. पण पेटीला अंगणबंदी झाली ती झालीच. ती घराच्या पडवीत आली.

पडवी नागवेकर वहिनींची. त्या काही बोलल्या नाहीत. त्या वेळी वहिनी कशालाच काही बोलत नसत. त्यांचा एकुलता एक मुलगा, विजय, मालवाहू बोटीवर नोकरीला होता. तीन वर्षांपूर्वी तार आली होती, आणि तारेशिवाय दुसरं काहीच आलं नव्हतं. तेव्हापासून वहिनी स्वयंपाक करत, केर काढत, देवाला दिवा लावत, पण तोंडातून "हूं" आणि "वाढलंय" यापलीकडे शब्द नाही. मी राहायला आल्यापासून सहा महिने तर मला त्यांचा आवाज माहीत नव्हता.

म्हणून पेटी पडवीत आल्यावर आठवड्याभराने तिन्हीसांजेला भिंतीपलीकडून जे ऐकू आलं, त्याने मी हातातला ब्रश टाकून उभा राहिलो.

"घर हाय की गोठा हाय हो? ही बगा काडी! जन्म सगळा उंदरांत काढलानी, आता माज्या घराचा गोठा केलानी! देवाला दिवा लावू की हिला आग लावू?"

मग पुढे दहा मिनिटं. त्यात नागवेकरांची आई आली, मुंबईची खोली आली, लग्नात न मिळालेला शालू आला. नागवेकर मधूनमधून "चुकला, चुकला" म्हणत होते.

त्यानंतर हे रोजचंच झालं. रोज दिवेलागणीला वहिनी पडवी झाडत, उंबऱ्याच्या आत डाव्या हाताला एक काडी सापडे, आणि नागवेकरांचा उद्धार होई. मला त्या माणसाची कीव येऊ लागली. वाटलं, नजर गेली बिचाऱ्याची. एकतीस वर्षांची शिस्त, आणि म्हातारपणी रोज एका काडीसाठी बोलणी खायची!

म्हणून एकदा संध्याकाळी मी सहज गेल्यासारखं करून ती काडी उचलली आणि खिशात टाकली. त्या दिवशी भिंतीपलीकडे सामसूम होती. मी माझ्या परोपकारावर खूश होतो.

दुसऱ्या दिवशी नागवेकर कंगवा घेऊन माझ्या दारात.

"मास्तर, काल पडवीतली काडी तुमी उचलली?"

"हो. म्हटलं, उगाच तुम्हाला बोलणी—"

"ती पडलेली नव्हती. टाकलेली होती." ते कंगव्याच्या दातांतली धूळ नखाने काढत राहिले. "पयल्यांदा चुकून पडली, आणि ही बोलली. तीन वर्सांनी बोलली, मास्तर! मी ठरवला, आता रोज एक टाकायची. एकच. दोन टाकल्या तर खरीच चिडेल."

खिशातली काडी काढून परत दिली. त्यांनी ती नीट बघितली आणि कचऱ्यात टाकली, कारण ती मोडली होती.

पुढे त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. पुतण्या त्यांना कोल्हापूरला नेणार होता. वहिनी घर सोडायला तयार नव्हत्या. जाताना नागवेकरांनी माझ्या हातात सूचनांचा कागद दिला. जुड्या किती, आवळ्याची फोड केवढी, ओलं फडकं कुठे. सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित: *पाच वाजता एक काडी. उंबऱ्याच्या आत. डावीकडे. एकच.*

पहिल्या दिवशी मी काडी टाकली. वहिनींनी ती मुकाट्याने झाडून टाकली. दुसऱ्या दिवशीही तेच. परक्या माणसाला कशाला बोलतील, असं मी मनाला समजावलं, पण नागवेकरांना काय सांगू, या विचाराने मला घोर लागला. तिसऱ्या दिवशी शाळेत चित्रकलेची परीक्षा होती. घाईघाईने येऊन मी जुड्या लावल्या आणि घरी जायला निघालो.

"मास्तर."

मी वळलो. वहिनी हातात केरसुणी घेऊन उभ्या होत्या.

"काडी टाकायची ऱ्हायली तुमची."

माझा हात आपोआप ताटाळ्यातल्या गवताकडे गेला.

"ज्या माणसाच्या हातून मुंबईत कधी काडी सांडली नाय," वहिनी पेटीकडे बघत म्हणाल्या, "त्याच्या हातून हितं रोज एक पडते होय? मला कळत नाय काय? पण मी बोलले की ते दोन घास जास्त जेवतात. त्या दिवशी तुमी काडी नेलीत, तर ताटावरून तसेच उठले." मग म्हणाल्या, "त्यांना सांगू नका."

मी नाही सांगितलं. आठवड्याने नागवेकर आले ते एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावून. अकरा नंबर आणि चौदा नंबर त्यांचं पाऊल ओळखून शिट्ट्या मारत होत्या, पण ते आधी माझ्या दारात आले.

"बोलली?"

"बोलल्या," मी म्हणालो. "चांगल्या बोलल्या."

ते इतके हसले की त्यांना पट्टी सावरावी लागली.

त्याच संध्याकाळी मी अंगणात उभा होतो. पाच वाजता नागवेकर एका डोळ्याने अंदाज घेत पडवीच्या दारापाशी आले, इकडेतिकडे बघितलं आणि काडी टाकली. अंदाज चुकला. काडी उंबऱ्याबाहेर, पायरीवर पडली. त्यांना ते दिसलं नाही. ते समाधानाने आत जाऊन बसले.

दिवेलागणीला वहिनी केरसुणी घेऊन आल्या. पडवीभर शोधलं. मग त्यांची नजर पायरीकडे गेली. त्यांनी वाकून केरसुणीच्या टोकाने ती काडी हळूच उंबऱ्याच्या आत ओढली, डावीकडे सारली, पदर खोचला आणि आवाज चढवला.

"घर हाय की गोठा हाय हो?"