इजिप्तला जाणारी जादा गाडी

"यंदा सुट्टीत पुन्हा तिथेच जाऊ, पण निवांत," असं बायकोने जाहीर केलं तेव्हा टाइमटेबल दाढी करत होते. गालाला ब्लेड टेकलेला माणूस 'हं' याखेरीज काही बोलू शकत नाही. त्यांनी 'हं' म्हटलं, बायकोने तो होकार धरला, आणि पुढचं सगळं रामायण त्या एका 'हं'मुळे घडलं.

टाइमटेबल हे काही त्यांचं जन्मनाव नव्हे. ते बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं करत. कुठली गाडी केव्हा सुटावी, कुठे किती थांबावी, ड्रायव्हरने चहा कधी प्यावा आणि तो कितपत गरम असावा (हे शेवटचं त्यांच्या अधिकारात नव्हतं, तरी ते सांगत) यात त्यांची हयात गेली होती. डेपोतल्या कुणीतरी ठेवलेलं हे नाव हळूहळू सासुरवाडीपर्यंत पोचलं होतं. बायको तेवढी अजून 'अहो' म्हणे.

'तिथे' म्हणजे शहराबाहेरची ती मोठी बाग. पाळणे, झोके, एक झुकझुक गाडी आणि मधे मधे देश. फाटकातून आत गेलं की पॅरिसचा मनोरा, मनोऱ्यामागे इजिप्तचे पिरॅमिड, आणि पिरॅमिडला वळसा घातला की व्हेनिसचा कालवा, ज्याच्या काठावर 'पाण्यात हात घालू नये' अशी पाटी.

गेल्या सुट्टीत टाइमटेबलांनी बायकोला आणि मुलाला हे सगळं जग दाखवलं होतं. दाखवलं म्हणजे पळवलं होतं. "चला, इजिप्त झालं," असं म्हणत ते पुढे निघत तेव्हा बायकोची एक चप्पल अजून पॅरिसमध्येच असे. कालव्यातल्या नावेत बसल्यावर त्यांनी नावाड्याला सांगितलं होतं, की मधला पूल वगळून थेट पलीकडे घेतलं तर बराच वेळ वाचेल. नावाड्याने त्यांच्याकडे बघून वल्हं खाली ठेवलं होतं. घरी परतल्यावर शेजाऱ्यांनी विचारलं, "काय, जायचं रद्द झालं का?"

म्हणून यंदा निवांत. मुलगा आता मित्रांबरोबर हिंडण्याच्या वयाचा झाला होता, तेव्हा दोघंच.

पण एक अडचण होती. सासूबाईंनी नेमका त्याच दिवशी माळा आवरायला काढला होता, आणि लेक-जावई, मुलगा-सून सगळ्यांना बोलावणं धाडलं होतं.

"आईला मी सांगते, तुम्हाला डेपोत ड्यूटी आहे म्हणून," बायको म्हणाली. "तुम्ही मधे बोलू नका. तुम्हाला खोटं धड बोलता येत नाही."

"आणि तू का येत नाहीस म्हणून विचारलं तर?"

"तुमचा डबा द्यायचाय."

"दिवसभर?"

"म्हणून म्हटलं, तुम्ही मधे बोलू नका."

ठरल्या दिवशी दोघं बागेत पोचले. टाइमटेबलांचे पाय सवयीने इजिप्तच्या दिशेला धावू लागले, पण बायकोने शर्टाची बाही धरून त्यांना पॅरिसमध्येच थांबवलं. तिथे मनोऱ्याच्या सावलीत एक खोटं कॉफीगृह होतं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं छप्पर, गोल टेबलं आणि टेबलांपाशी बसलेले रंगवलेले पुतळे. एक पेपर वाचणारा, एक छत्रीवाली बाई, एक कप तोंडापाशी नेऊन कायमचा थांबलेला म्हातारा. मधली एक खुर्ची लोकांना फोटो काढता यावेत म्हणून रिकामी ठेवलेली.

"इथे बसा," बायको म्हणाली. "मी खरी कॉफी घेऊन येते. मी येईपर्यंत हलायचं नाही." आपली रुंद काठाची गवती टोपी आणि ओढणी त्यांच्या मांडीवर टाकून ती गेलीसुद्धा.

टाइमटेबल बसले. बसण्यात काही कामच नसल्यामुळे ते फार अवघड गेलं. त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, छत्रीवालीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग फाटकाकडे पाहिलं.

फाटकातून त्यांचा मेहुणा येत होता. औषधांच्या दुकानातला, सदा हसतमुख, बायकोचा धाकटा भाऊ. बरोबर त्याची बायको आणि सहा-सात वर्षांची लेक भिंगरी, जिला क्षणभर एका जागी ठेवणं कुणालाच जमलेलं नव्हतं. टाइमटेबल डेपोत आहेत हे सासुरवाडीच्या कानाकोपऱ्यात पोचलेलं असणार. आता उठून पळावं तर वाट त्यांच्यासमोरूनच.

त्यांनी सुचलं ते केलं. गवती टोपी डोळ्यांवर ओढली, ओढणी गळ्याभोवती घेतली, एक हात टेबलावर ठेवला आणि म्हाताऱ्याप्रमाणे कायमचे थांबले.

मंडळी पुढे जातील ही आशा फार काळ टिकली नाही.

"बाबा, हा बाईचा पुतळा आहे की बुवाचा?" भिंगरीचा आवाज अगदी कानाशी आला.

"मिशा आहेत बघ," तिची आई म्हणाली.

"हा आतोबांसारखा दिसतो."

टाइमटेबलांनी श्वास रोखला. मेहुणा वाकून निरखू लागला असावा, कारण त्याच्या पेपरमिंटचा वास आला.

"खरंच की गं. जबडा अगदी भावोजींचा. पण कलाकार पोटाला चुकलाय. भावोजींचं एवढं नाही."

"याहून जास्त आहे," मेहुण्याची बायको शांतपणे म्हणाली. "आणि चेहरा बघा किती समाधानी. भावोजी एवढा वेळ एका जागी गप्प बसलेले कधी पाहिलेत का? जेवताना भात वाढून व्हायच्या आत ताक मागतात. माझ्या लग्नात त्यांनी भटजींना आवरतं घ्यायला सांगितलं होतं."

"ते मला आवडलं होतं," मेहुणा म्हणाला. "मी ताईला फोटो पाठवतो याचा. हसेल."

"काही डोकं आहे का? आपण घरी आहोत. भिंगरीला गालगुंड झालेत."

टोपीखाली टाइमटेबलांचे डोळे चमकले. म्हणजे हेही पळून आलेले. आता टोपी काढावी आणि "गालगुंडांची तब्येत कशी आहे?" असं विचारावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण उठलं तर पोटाबद्दलचं आणि भटजींबद्दलचं सगळं ऐकल्याचं कबूल करावं लागणार होतं. शिवाय भिंगरी तोवर त्यांच्या मांडीवर चढून बसली होती आणि त्यांच्या नाकात बोट जातं का ते पाहत होती. (जात होतं.)

तेवढ्यात पुतळ्याचा फोन वाजला.

टाइमटेबलांच्या फोनला डेपोतल्या भोंग्याचा आवाज होता. तो पहिल्या ठोक्याला मेहुण्याने ओळखला. भिंगरी म्हणाली, "बाबा, याच्या खिशात बस आहे."

फोन थांबेना. टाइमटेबलांनी टोपी न उचलता, मान न हलवता, फक्त टेबलावरचा हात खिशात घातला. टोपीच्या काठाखालून नाव पाहिलं आणि त्यांचा उरलासुरला धीर गेला. सासूबाई.

"हॅलो," ते म्हणाले. "डेपोतून बोलतोय."

मेहुण्याची बायको मटकन छत्रीवालीच्या शेजारी बसली.

"कामात आहात ना? एकच विचारायचं होतं," सासूबाई म्हणाल्या. "आमची घडीची शिडी तुमच्याकडे आहे का?"

"आहे. बाल्कनीत."

"बरं, असू दे. शेजारून आणते." एवढ्यावर फोन ठेवायचा की नाही? पण त्याच क्षणी त्यांच्या डोक्यावरच्या खांबावरचा कर्णा खरखरला आणि एक गोड आवाज साऱ्या पॅरिसभर घुमला: प्रवाशांनी लक्ष द्यावे, इजिप्तला जाणारी गाडी लवकरच सुटत आहे.



"तुमच्या गाड्या आता इजिप्तला जातात?" सासूबाईंनी विचारलं.

बायको म्हणाली होती ते खरं होतं, टाइमटेबलांना खोटं धड बोलता येत नसे. पण अंगावर आलं की माणूस काय वाटेल ते बोलतो.

"सुट्टीची गर्दी फार आहे," ते म्हणाले. "जादा गाडी सोडलीय."

"सांभाळून पाठवा हो. लांबचा पल्ला आहे." मग सुस्कारा ऐकू आला. "इकडे भिंगरी आजारी. गालगुंडं आलीत म्हणे पोरीला. तुम्हाला कळलं का?"

टाइमटेबलांनी पहिल्यांदाच टोपी वर केली. मेहुणा दोन्ही हात जोडून उभा होता. भिंगरी त्यांच्या मांडीवरून उतरून पेपरवाल्या पुतळ्याच्या खांद्यावर चढत होती.

"कळलं," ते दुःखी आवाजात म्हणाले. "बिचारीला जागचं हलवत नाही."

फोन ठेवल्यावर दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे पाहिलं. मेहुण्याने घसा साफ केला.

"भावोजी, ते पोटाचं आम्ही आपलं पुतळ्याबद्दल..."

"मी काही ऐकलं नाही. मी डेपोत आहे."

"आणि आम्ही घरी," मेहुण्याची बायको चटकन म्हणाली.

याच वेळी टाइमटेबलांची बायको कॉफीचे दोन पेले घेऊन आली. तिने भावाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, ओढणी गुंडाळून बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि कुणी काही सांगण्याआधीच सगळं ओळखून म्हणाली, "मी फक्त कॉफी आणायला गेले होते."

मग काय, झाली दिलजमाई. कुणी कुणाला पाहिलेलं नाही असा करार झाला, आणि न भेटलेल्या त्या पाच माणसांनी मिळून अख्खा दिवस बागेत घालवला. टाइमटेबल उठायला गेले तर एका दमात उठवेना, दोन्ही पाय सपशेल झोपी गेले होते. त्यामुळे घाई करायची सोयच उरली नाही. ते लंगडत, थांबत, बाकांवर बसत हिंडले. इजिप्तमध्ये सँडविच खाल्लं. व्हेनिसच्या नावेत मधल्या पुलाखाली नाव रेंगाळली तेव्हा ते काही बोलले नाहीत, उलट डोळे मिटून बसले. बायकोने हळूच त्यांच्या नाकासमोर बोट धरून श्वास चालू आहे ना ते पाहिलं.

निघताना मेहुण्याने भिंगरीला समोर उभं करून नीट समजावलं. "आजीला काय सांगायचं?"

"आतोबा भेटले नाहीत."

"कोणी विचारलं तरच सांगायचं हं."

"हो," भिंगरी म्हणाली. तिने मान डोलावली ती इतक्या शहाण्यासारखी, की चारही मोठी माणसं निश्चिंत झाली.

पुढल्या रविवारी टाइमटेबल बायकोबरोबर शिडी पोचवायला सासुरवाडीला गेले. माळा स्वच्छ आवरलेला होता. सासरे खाली वर्तमानपत्र वाचत होते. सासूबाईंनी दार उघडलं, शिडी भिंतीला लावून घेतली, आणि म्हणाल्या, "भिंगरीचा फोन आला होता. म्हणाली, आजी, आम्हाला पॅरिसमध्ये आतोबा भेटले नाहीत. आणि ते पुतळा पण नव्हते झाले."

टाइमटेबलांनी जमिनीकडे पाहिलं. बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू बेत त्यांचा होता. मग तेच पुढे झाले, कारण कधी नव्हे ती त्यांना आपल्या वागण्याची मनापासून लाज वाटत होती.

"चुकलंच आमचं," ते म्हणाले. "तुम्ही दोघांनीच एवढा माळा उपसलात. मी असतो तर झटक्यात झालं असतं."

सासूबाईंनी त्यांना पाण्याचा पेला दिला आणि लेकीला खुणेने स्वयंपाकघरात नेलं. दार पुरतं लागलं नव्हतं. टाइमटेबलांना सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"अगं, तू त्यांना रागावू नकोस," सासूबाई म्हणत होत्या. "सुट्टीच्या गर्दीत त्यांना डेपोत ड्यूटी असतेच, म्हणून तर मी नेमका तो दिवस धरला. बोलावलं नाही असं नको व्हायला म्हणून बोलावलं. तुझा भाऊ आला असता तर जुनी मासिकं वाचत बसला असता, तो काही आड येत नाही. पण जावईबापू आले की 'हे टाका, ते टाका' करत माझा निम्मा संसार खाली फेकतात. आम्ही दोघांनी मस्त एकेक वस्तू काढली, पुसली, तिच्याबद्दल भांडलो आणि परत ठेवली."

"मग आता?" बायकोने विचारलं.

"पुढच्या महिन्यात भांड्यांचं कपाट काढतेय. दिवस कळवते. त्यांना कुठेतरी फिरायला घेऊन जा. आणि जमलं तर या खेपेला खऱ्याच इजिप्तला ने."